मंगळवारची हनुवटी

माझ्या वरच्या एका दाताला खाच आहे. दातांच्या डॉक्टरांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं होतं, शिवणकाम करता का, टाचण्या दातात धरता का. मी म्हटलं, टाचण्या नाही, दोरा. दोऱ्याचं एक टोक याच दातात धरून मी एकेचाळीस वर्षं बायकांच्या भुवया कोरल्या, ओठांवरची लव काढली, हनुवट्या साफ केल्या. डॉक्टर म्हणाले, खाच बुजवून देतो. मी नको म्हटलं. कष्टानं कमावलेली वस्तू कुणी बुजवतं का?

या दोऱ्याखाली आलेली पहिली हनुवटी माझ्या नणंदेची आणि शेवटचीही तिचीच. मधल्या हजारो आल्या आणि गेल्या.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वन्सं बावीस वर्षांच्या होत्या, माझ्याहून एका वर्षानं मोठ्या. पोस्टात नोकरीला होत्या, पण मागच्या खोलीत, पत्रं गावांप्रमाणे लावायच्या कामावर. काउंटरवर बसायला त्यांना दोनदा बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी नाही म्हटलं होतं. घरात सगळे म्हणत, तिला माणसांत मिसळायला आवडत नाही. मला मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं की बाई चांगली बोलकी आहे, पोस्टमास्तरांची हुबेहूब नक्कल करते, फक्त बोलताना रुमाल तोंडासमोर धरते. हसतानाही रुमाल आणि जेवतानाही रुमाल. सर्दी झाली म्हणायच्या. पण सर्दी काही बारा महिने नसते. शेवटी एक दिवस आम्ही दोघीच स्वयंपाकघरात असताना मी तो रुमाल सरळ ओढून घेतला. चारचौघींना असते तशी लव नव्हती ती. काळे, जाड, राठ केस, हनुवटीच्या खाली आणि दोन्ही बाजूंना, कात्रीनं कसेबसे कापलेले. वन्सं रडल्या नाहीत. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

मी तेव्हा काही फार शहाणी नव्हते. पण माहेरच्या शेजारणीकडून दोरा चालवायला शिकले होते, स्वतःच्या नडग्यांवर सराव करून. मी म्हटलं, वन्सं, मला एक तास द्या आणि एक चांगली खिडकी द्या.

खिडकी मिळाली ती गच्चीच्या जिन्याशेजारच्या खोलीत. तिथं पाण्याची टाकी, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या ट्रंका होत्या, पण उजेड मात्र असा की केसाची सावलीसुद्धा दिसावी. एका मोडक्या खुर्चीला विटा लावून तिला मान टेकायची सोय केली. सासूबाईंना कुणी काही सांगितलं नाही, पण त्या रोज त्याच वेळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर डाळ निवडायला बसू लागल्या. कुणी वर यायला निघालं की त्या खोकायच्या. एवढा खोकला त्यांना आयुष्यात पुन्हा कधी झाला नाही.

अडचण आली ती सासऱ्यांची. शिवणाच्या डब्यातली रिळं भराभर संपायला लागली, तेव्हा त्यांनी विचारलं की या दोघी वर करतात तरी काय. सासूबाई पटकन म्हणाल्या, भरतकाम शिकतायत. झालं, महिन्याभरानं सासऱ्यांना भरतकाम बघायची हौस आली. मग आम्ही दोघींनी दोन दिवस जेवणखाण सोडून एका उशीच्या अभ्र्यावर पोपट काढला. दोघींनाही सुई धरायचा गंध नव्हता. पोपटाला चोच खालच्या बाजूला आली आणि एक पाय कुठून निघालाय ते आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही. सासरे बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, प्रयत्न चालू ठेवा. त्यांनी तो अभ्रा शेवटपर्यंत वापरला. कधी कधी मला वाटतं, त्यांनाही सगळं माहीत होतं.

पहिल्या दिवशी वन्संच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. दोऱ्याचा पीळ उघडला आणि मिटला की केस मुळासकट निघतो, आणि हनुवटीचा केस ओठांवरच्या लवेसारखा गुपचूप जात नाही. मी शिकवलं, दोन बोटांनी कातडी ताणून धरा, जिभेनं आतून गाल फुगवा. तिसऱ्या दिवसापर्यंत आम्ही एकमेकींना अगं-तुगं करायला लागलो होतो. जिची दाढी आपण उपटतोय तिला 'तुम्ही' म्हणत राहणं मला तरी जमलं नाही. खाली चारचौघांत मात्र वन्सं आणि तुम्ही तसंच राहिलं. ते आजही तसंच आहे.

तीन महिन्यांनी ती काउंटरवर बसली. मी मुद्दाम तिकिटं घ्यायला गेले. रांगेत उभं राहून पाहिलं तर बाई काचेच्या मागून, मान वर करून, रुमालाशिवाय, एका म्हाताऱ्याला ठणकावून सांगत होती की पाकिटावर पत्ता लिहिल्याशिवाय पत्र जात नसतं. मला रांगेतच भरून आलं. माझी पाळी आल्यावर तिनं ओळख न दाखवता विचारलं, किती हवीत? मी म्हटलं, एकच. तिनं तिकीट दिलं आणि काचेखालून माझ्या बोटाला बोट लावलं. त्या बोटाच्या जोरावर मी पुढं पार्लर काढलं, असं म्हटलं तरी चालेल. हा हात कुणाच्या तरी उपयोगाचा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पार्लर चाललं, चांगलं चाललं. मुली शिकायला आल्या आणि शिकून गेल्या. वन्संची मंगळवारी दुपारी लवकर सुट्टी व्हायची, म्हणून मंगळवार दुपार तिची ठरली. बाहेर कितीही बायका खोळंबलेल्या असोत, मंगळवारी तीन वाजता खिडकीपाशी असलेली खुर्ची तिची. तिनं लग्न केलं नाही. त्याचं कारण हनुवटी नव्हे, असं ती अजून ठासून सांगते, आणि मी तिच्यावर विश्वास ठेवते, कारण काही स्थळं मीही पाहिली होती. खुर्चीत बसली की पोस्टातल्या भानगडी सांगायची, मी दातात दोरा असल्यामुळं नुसतं हूं हूं करायची. काम झालं की मी विचारायची, "झालं ना साफ?" ती आरशात न बघताच म्हणायची, "आरसा झाला, आरसा."

पुढं माझे यजमान गेले, ती निवृत्त होऊन जवळच स्वतःच्या घरात राहायला गेली, तीन वर्षांपूर्वी मी पार्लर बंद केलं. पार्लरमधलं बाकीचं सामान देऊन टाकलं, पण ती खुर्ची घरी आणून खिडकीपाशी ठेवली. मंगळवार चालू राहिला. खरं सांगायचं तर माझ्या आठवड्यात तेवढा एकच वार उरला होता.

आणि मग माझा अंगठा गेला. गेला म्हणजे हाताला आहे, पण पीळ उघडून मिटायचं जे काम त्यानं एकेचाळीस वर्षं केलं, ते करताना आता तो मध्येच अडकतो. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, अंगठ्याच्या मुळाशी झीज झाली म्हणाले, दोरा सोडा. मी घरी येऊन दोऱ्याचं रीळ फळीवर ठेवलं आणि दुसऱ्या मिनिटाला परत काढलं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. वन्संला तर नाहीच नाही. पण मी सोडला तर तिचं काय, हा विचार डोक्यातून जाईना. साठी उलटलेली बाई परक्या पार्लरमध्ये जाऊन त्या खुर्चीत मान टाकणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. ती परत रुमाल काढेल.

म्हणून मी लेझरची टूम काढली. माझ्याकडे शिकलेली एक मुलगी, जिला आम्ही सगळे कुरळी म्हणायचो, आता त्वचेच्या दवाखान्यात कामाला आहे. नव्या पेशंटला लेझर चालेल की नाही, हे आधी तीच तपासते, मग डॉक्टरीणबाई बघतात. मी वन्संला म्हटलं, अगं आता किती वर्षं हा उपद्व्याप करायचा, एकदा मुळातून सोक्षमोक्ष लावून टाकू. मला वाटलं होतं ती नाही नाही म्हणेल, मला तिला पटवावं लागेल, त्यात दोन-तीन मंगळवार जातील. ती लगेच म्हणाली, जाऊ या. मला ते लागलं. एकेचाळीस वर्षांचा हात, आणि बाईनं एका मिनिटात सोडून दिला. माझं मलाच समजेना की मला नक्की काय हवंय. तिची सोय व्हावी असं मनापासून वाटत होतं, आणि तिची सोय झाली तर मंगळवारी तीन वाजता ती माझ्याकडे कशाला येईल, हेही मनात होतंच.

कुरळीनं फोनवर बजावलं की तपासणीच्या आधी सहा आठवडे दोरा नाही, चिमटा नाही, वॅक्स नाही. अगदीच वाटलं तर वरच्यावर ब्लेड फिरवा. आणि शेवटचे आठ दिवस ब्लेडही नको, म्हणजे केस किती जाड आहेत, कुठं आहेत ते दिसेल. मी आयुष्यभर बायकांना ब्लेडचं नाव काढू दिलं नव्हतं, आणि आता माझ्याच नणंदेला मीच दाढीचं ब्लेड आणून दिलं. त्या सहा मंगळवारी ती यायची, खुर्चीत बसायची, मी समोर स्टुलावर, आणि दोघींच्याही हातांना काही काम नसायचं. गप्पाही धड होईनात. माझ्या दातात दोरा नसला की मी फार बोलते, हे तिनं मला पाचव्या मंगळवारी सांगितलं.

तपासणीच्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. आठ दिवसांची वाढ होती. काळे केस होते, त्यांत मधे मधे पांढरेही चमकत होते. पण मी केसांकडे बघतच नव्हते. तिच्या हातात रुमाल होता. शेजारच्यांशी दारात बोलताना तिनं तो तोंडासमोर धरला, अगदी तसाच, डाव्या हातात, कोपर अंगाला चिकटवून. एकेचाळीस वर्षं मधून गळून पडली आणि ती बावीस वर्षांची मुलगी भिंतीकडे तोंड करून माझ्यासमोर उभी राहिली.

मी म्हटलं, अशी नेणार नाही मी तुला चार परक्या माणसांत. बस.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रिळाकडे पाहिलं. आणि बसली. मी पावडर लावली, दोरा तोडला, टोक दातात धरलं. अंगठा ओरडत होता, पण मी ऐकलं नाही. वीस मिनिटांत सगळं साफ. "झालं ना साफ?" मी विचारलं. "आरसा झाला," ती म्हणाली. आम्ही रिक्षात बसलो तेव्हा तिचा रुमाल पर्समध्ये होता आणि मी एखादा किल्ला जिंकल्यासारखी मिरवत होते.

दवाखाना एवढा पांढरा होता की पाय कुठं ठेवावा कळेना. कुरळी आता कुरळी राहिली नव्हती, केस सरळ करून घेतले होते, पण मला बघितल्यावर पायाला हात लावायला वाकली आणि मी तिला मधेच धरलं. तिनं वन्संला उंच खुर्चीत बसवलं, फॉर्म घेतला आणि एकेक विचारायला सुरुवात केली. केस किती वर्षांपासून आहेत, घरात आणखी कुणाला आहेत का, औषधं कुठली चालू आहेत, उन्हात किती असता, जखम झाली तर वण जाड होऊन राहतो का. वन्सं काउंटरवर बसल्यासारखी नेमकी उत्तरं देत होती, ना एक शब्द जास्त ना कमी. मी शेजारी बसून कुरळीचं निरीक्षण करत होते. पोरगी चांगली विचारत होती. घाई नव्हती, लाज वाटेल असा सूर नव्हता. हे मीच तिला शिकवलं होतं.

"गेल्या सहा आठवड्यांत दोरा, चिमटा, वॅक्स यांपैकी काही?"

"नाही," मी म्हटलं.

कुरळीनं मान वर केली. मग पेन खाली ठेवून तिनं हात पुसले आणि वन्संच्या हनुवटीवरून तर्जनी फिरवली, एकदा केसांच्या दिशेनं, एकदा उलटी. ही पद्धतही माझीच. मग तिनं वन्संच्या कानामागं एक बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोटावर पावडर होती.

"काकू," ती एवढंच म्हणाली.

"आज सकाळी," वन्सं म्हणाली. "साडेआठ ते आठ पन्नास. दोरा."

मी खाली बघत राहिले. मला वाटलं, इथंच संपेल. पण कुरळीला फॉर्म पुरा करायचा होता. तिनं हळूच विचारलं, आणि त्याच्या आधी काय पद्धत होती, म्हणजे तो सहा आठवड्यांचा काळ सुरू व्हायच्या आधी?

"दर मंगळवारी दोरा. दर बुधवारी चिमटा."

"बुधवारी चिमटा?" कुरळी लिहिता लिहिता थांबली. "कधीपासून?"

वन्संनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिला खोटं बोलता येत नाही, विशेषतः समोर फॉर्म असेल तर. छत्तीस वर्षं तिनं लोकांचे फॉर्म तपासले आहेत.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "मंगळवारी काही राहून जायचे. ते बुधवारी मी काढायची."

खोलीत यंत्राचा बारीक आवाज येत होता. कुरळीनं लिहिलं नाही. मी माझ्या उजव्या अंगठ्याकडे बघत होते. दोन वर्षं मी "झालं ना साफ?" विचारत होते आणि दोन वर्षं ती आरशात न बघता "आरसा झाला" म्हणत होती, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या घरी एकटी बसून, चष्मा नाकावर ओढून, माझे राहिलेले केस वेचत होती.

"वन्सं, तुम्ही मला सांगितलं का नाहीत?" मी म्हटलं. खोलीत परकं कुणी नव्हतं, तरी माझ्या तोंडून 'तुम्ही' निघालं.

मधे कुरळीच बोलली. मला वाचवायला बोलली, हे मला कळलं. तिनं समजावलं की यंत्राला फक्त काळा रंग कळतो. केसातल्या काळ्या रंगातून उष्णता मुळापर्यंत उतरते आणि मूळ जाळते. दोऱ्यानं मूळच उपटून काढलेलं असलं तर उतरायला काही उरतच नाही. म्हणून आज तपासून काही उपयोग नाही, आणखी सहा आठवड्यांनी या. आणि काकू, तोवर त्या रिळाला हात लावायचा नाही. शेवटचं वाक्य तिनं मला पूर्वी मी तिला जशी दटावायची तस्संच ऐकवलं.

बाहेर दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारी एक बाक होता. रिक्षा येईपर्यंत आम्ही तिथं बसलो. मी चिडले होते, आणि माझा राग नेहमीच चुकीच्या माणसावर निघतो. मी तिला नाही नाही ते बोलले. इतकी वर्षं मला मूर्खात काढलं, दयेपोटी खुर्चीत बसत राहिली, लेझर म्हटल्याबरोबर टुणकन उडी मारली ती माझ्या हातातून सुटायलाच ना, असं सगळं. ती ऐकत होती. माझं संपल्यावर तिनं माझा उजवा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि अंगठ्याच्या मुळाशी, नेमकं दुखतं तिथं, बोट ठेवलं.

"हनुवटी माझी आहे, वहिनी," ती म्हणाली. "दोरा अडकला की मला कळत नसेल? दोन वर्षं बघतेय मी, पीळ मिटताना तुझा श्वास अडतो. मी लेझरला हो म्हटलं ते हा सुटावा म्हणून. मी नको म्हटलं असतं तर तू हा मोडेपर्यंत करत राहिली असतीस."

"मग आज सकाळी बसलीस कशाला? सगळं फुकट जाणार हे तुला माहीत होतं."

"तू दोरा तोडला होतास," ती म्हणाली. "तोडलेल्या दोऱ्याला मी कधी नाही म्हटलंय?"

मग मला बोलावंच लागलं. मी म्हटलं, मीही काही विसरून नाही बसवलं तुला. हे बोलायला जड गेलं, पण बोलले. रुमाल बघून मला राहवलं नाही हे खरंच. पण दोरा हातात घेताना मला त्या सहा आठवड्यांची आठवण होती. चांगली होती. मला वाटलं, आज केलं तर अजून थोडे दिवस मिळतील. हे फसवणं झालं. तुझी सोय बघायला निघाले आणि तुझ्याच आड आले.

ती यावर हसली. रुमाल नव्हता, त्यामुळं पूर्ण हसू दिसलं. म्हणाली, "म्हणजे पोपटाचंच झालं की. दोघींनीही काढला आणि दोघींनाही येत नव्हता."

पुढचे सहा आठवडे मी रीळ कुरळीकडे ठेवायला दिलं होतं. हो, स्वतःवर माझा तेवढाही भरवसा नव्हता. या वेळी वन्संनं रुमाल घेतला नाही. आठ दिवसांची वाढ घेऊन ती भाजी आणायला गेली, बँकेत गेली, आणि बँकेतला मुलगा हनुवटीकडे बघतोय हे लक्षात आल्यावर तिनं त्याला विचारलं म्हणे, की काही राहिलंय का बघायचं, का सही करू? मला हे तिनं सांगितलं तेव्हा मी इतकी हसले की मला खोकला लागला.

दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी स्वतः बघितलं. मोठ्या भिंगाखाली, पांढऱ्या उजेडात. जबड्याखाली नखाएवढ्या जागेवर यंत्र लावून पाहिलं. वन्सं म्हणाली, रबर ताणून सोडल्यासारखं लागतं, आमच्या वहिनींच्या दोऱ्यापुढं काहीच नाही. दहा दिवसांनी परत बोलावलं. जागा नीट होती, डाग नाही, फोड नाही. मग त्यांनी निकाल सांगितला. काळ्या केसांसाठी योग्य आहात. आठ-नऊ वेळा यावं लागेल, या वयात आणि हनुवटीवर पूर्ण जातीलच असं नाही, पण पुष्कळ कमी होतील. पांढऱ्या केसांना मात्र लेझर चालत नाही. त्यांच्यात रंगच नाही. ते आहेत तसेच राहणार.

"किती आहेत?" वन्सं म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना बहुधा हा प्रश्न आजवर कुणी विचारला नसावा. पण बाई भली होती. तिनं भिंग परत ओढलं आणि मोजले. अकरा. वन्संनं विचारलं, ते चिमट्यानं काढले तर चालतील का? काळ्याला धक्का न लावता काढले तर चालतील, असं उत्तर आलं. वन्संनं मान हलवली, आणि मला तेव्हा कळलं नाही की ती एवढी खूश कशावर आहे.

परवाच्या मंगळवारी तीन वाजता दार वाजलं. मी चष्मा लावून पेपर वाचत होते. मला वाटलं, असेल कुणी. वन्सं होती. ती सरळ येऊन खिडकीपाशी खुर्चीत बसली, मान टेकवली, आणि पर्समधून काढून एक चिमटा माझ्या हातात दिला. तिचा बुधवारचा चिमटा. टोकं घासून गुळगुळीत झालेली. चिमट्याला अंगठ्याचा पीळ लागत नाही, नुसतं दाबायचं असतं, हे तिनं करून बघितलं असणार.

"अकरा आहेत," ती म्हणाली. "घाई करू नकोस. दर मंगळवारी दोन."

मी म्हटलं, म्हणजे दीड महिन्यात संपतील.

"तोवर पहिले दोन परत येतात. मी बघून ठेवलंय."

मी पावडर शोधण्याचं निमित्त करून आत गेले, डोळे पुसले आणि परत आले. तिनं दोन बोटांनी कातडी ताणून धरली होती, जिभेनं गाल फुगवला होता, कुणी सांगायची गरजच नव्हती. खिडकीतला उजेड चांगला होता. पहिला केस सापडायला वेळ लागला, पांढरा होता ना. काढला. मग दुसरा धरला, निसटला, परत धरला, काढला.

"झालं ना साफ?" सवयीनं माझ्या तोंडून गेलं.

तिनं हात पुढं केला आणि आरसा मागितला. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मागितला. खिडकीकडे वळून, मान इकडे-तिकडे करून, चष्मा वर-खाली करून तिनं बराच वेळ बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "अर्धाच निघालाय एक. नीट बघ."

मी चष्मा पुसला आणि परत वाकले.